नोंदवहीतला पत्ता

माझ्याकडच्या जुन्या दस्तांची सूची संकेतस्थळावर काही केल्या दिसेना, तेव्हा मी ‘अपाचे स्लिंग’च्या पोटात शिरलो. जावात लिहिलेल्या या प्रणालीत प्रत्येक वस्तूला पत्ता असतो. ती मुळात कुठे साठवली आहे, याच्याशी वाचकाला कर्तव्य नसते. माझी सूची साध्या तक्त्यांच्या फाइलींत होती. ती वाचून देणारा ‘रिसोर्स प्रोव्हायडर’ मी लिहिलाही होता. पण नुसते लिहून भागत नाही. १९९९मध्ये स्थापन झालेल्या ओएसजीआय संघटनेने आखलेल्या पद्धतीत ‘बंडल’ नावाचे सुटे भाग सेवांच्या एका सामाईक नोंदवहीतून एकमेकांना शोधतात. आपल्या पुरवठादाराने तिथे सेवा म्हणून नाव घालायचे आणि सोबत ‘प्रोव्हायडर डॉट रूट’ हा गुणधर्म द्यायचा: अमुक पत्त्याखालचे सारे मी देईन. दोघांचे पत्ते एकाखाली एक आले, तर अधिक लांब, म्हणजे अधिक नेमका पत्ता सांगणाऱ्याकडे काम जाते. (वारसाहक्काचे तंटे इतक्या सहज सुटते तर!) मी नाव घातले होते, पत्ता घालायला विसरलो होतो. बंडल चालू, सूची गायब; त्यात तीन रात्री गेल्या. ती एक ओळ घालून बंडल पुन्हा चढवले आणि सर्व्हर बंदही न करता पहिला दस्त पडद्यावर आला.