एको वाढवला की गळा गोड होतो?

परभणी-परळी रेल्वेमार्गावरच्या पोखर्णीत नृसिंहाच्या गाभाऱ्याचं दार इतकं ठेंगणं, की भल्याभल्यांना वाकूनच आत शिरावं लागतं. अशा बंदिस्त दगडी जागेत साधा पुकारा केला तरी तो घुमतो. बाहेर मंडपात भजन उभं राहिलं, की हाच घुमारा माइकवर आणायची हौस येते आणि साउंडवाल्याला फर्मान सुटतं, “एको वाढवा!”

पहिला घोळ इथेच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तीन मीटरवरच्या भिंतीला आपटून तो २० मिलिसेकंदांच्या आत परततो, त्यामुळे कानाला तो सुटा ऐकूच येत नाही. असे असंख्य परतलेले आवाज एकमेकांत मिसळून जो घुमारा उरतो, तो रिव्हर्ब. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली तर ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळी ऐकू येते; तो एको. अॅम्प्लिफायरवरची ‘डिले’ आणि ‘रिपीट’ ही बटणं गोलघुमटाचं काम करतात. भजनी बुवांना हवा असतो गाभारा.

रिव्हर्बने गळा गोड होतो, हा समज तर फारच चिवट. कणसूर लागलेला स्वर घुमाऱ्यात लपत नाही. पुढचा स्वर आला तरी तो मागे रेंगाळतो आणि चूक दोनदा ऐकू येते. घुमाऱ्यातून खरं कळतं ते अंतर. ‘महल’ (१९४९) चित्रपटातलं ‘आएगा आनेवाला’ ध्वनिमुद्रित होताना लता मंगेशकर माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू जवळ आल्या. लांबून गाताना थेट आवाज कमी, खोलीचा जास्त. जवळ आल्यावर उलट. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाण्यातली दुरून येणारी हाक अशी चालून मिळालेली आहे.

हौशी गिटारवादकांचाही असाच एक लाडका गैरसमज आहे: जॅझ गिटारचा मऊ आवाज म्हणजे रिव्हर्बची करामत. तो मऊपणा येतो पोकळ अंगाच्या गिटारमधून, जाड गुळगुळीत तारांतून आणि खाली आणलेल्या टोनच्या बटणातून. फेंडर कंपनीने स्प्रिंगचा रिव्हर्ब अॅम्प्लिफायरच्या आतच बसवला तो १९६३मध्ये. जॅझ गिटार त्याच्या कितीतरी आधीची. जॅझ गिटारवादक जिम हॉल यांचा गाजलेला गिब्सन जीए-५० अॅम्प्लिफायर रिव्हर्बविनाच होता. काउंट बेसींच्या जॅझ वाद्यवृंदात १९३७पासून गिटारवर ताल धरणाऱ्या फ्रेडी ग्रीन यांनी तर बहुतेक सगळी कारकीर्द अॅम्प्लिफायरशिवाय काढली. बिल फ्रिझेल यांच्यासारखे घुमाऱ्यात रमणारे वादकही आहेत, पण त्यांच्या स्वरांमध्ये मोकळी जागा असते.

सगळी मेख त्या जागेतच आहे. मिनिटाला २४० मात्रांची लय धरली तर एक मात्रा पाव सेकंदाची. घुमारा दोन सेकंद टिकला, तर एका वेळी आठ मात्रांचा काला होतो. भजनाचा गजर द्रुत लयीत गेला, की हेच गणित लागू पडतं. टाळांचा खणखणाट आधीच लांबतो. त्यात पखवाजाच्या माइकलाही एको दिला तर बोल संपले म्हणायचे! कीर्तनकार निरूपणाला उभे राहिले, की एको बंदच केलेला बरा.

दुपारी रिकाम्या सभामंडपात लावलेलं बटण रात्री चालेलच, असंही नाही. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. हार्वर्डमध्ये १८९५पासून भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी खुर्च्यांवरच्या गाद्या एका सभागृहात नेऊन ठेवत घुमारा किती घटतो, ते मोजलं होतं. गर्दी बसल्यावर पुन्हा ऐकून पाहावं. आवाज कोरडा वाटला तर गायकाच्या माइकवर थोडा घुमारा चढवावा, तो जाणवू लागला की किंचित मागे घ्यावा.

गावभर कर्णे लावले असतील तर आणखी एक फसगत होते. समोरच्या कर्ण्यापेक्षा दुसरा ३४ मीटर लांब असेल, तर त्याचा आवाज दशांश सेकंदाने मागाहून येतो. लोक एकोला नावं ठेवतात, साउंडवाला बटण शून्यावर नेतो आणि शब्द दुहेरीच ऐकू येत राहतात. तिथे कर्ण्याची दिशा किंवा जागाच बदलावी लागते.