उसाचा पोल आणि मोजणीतला गोंगाट

निपाणीचा श्री हालसिद्धनाथ किंवा संकेश्वरचा हिरण्यकेशी यांसारख्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत गळीत हंगामात उसाच्या रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातील साखरेचे अंदाजी प्रमाण, काढतात, आणि ऊस किती पिकला, चिपाडात व मळीत किती साखर वाया गेली याचा हिशेब त्यावरून मांडतात. ही मोजणी ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशावर चालते. साखरेचे द्रावण हे प्रतल उजवीकडे वळवते. २६ ग्रॅम शुद्ध साखरेचे १०० मिलिलिटर द्रावण २० अंश सेल्सिअसला २०० मिलिमीटर लांबीच्या नळीत ठेवले, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचे प्रतल सुमारे ३४.६ अंशांनी फिरते, आणि तोच मापनपट्टीवरचा शंभरचा आकडा होय. पट्टीवरचे एक घर जेमतेम एक तृतीयांश अंशाचे असल्याने किरकोळ व्यत्ययही नोंदीत उतरतो.

दिव्याच्या तेजातील आणि प्रकाशग्राहकातील विद्युत चढउतारांमुळे नोंद सतत वरखाली होते, या वरखाली होण्याला शास्त्रज्ञ गोंगाट म्हणतात. हे चढउतार परस्परांवर अवलंबून नसतील, तर चार नोंदींची सरासरी घेतल्याने गोंगाट निम्मा होतो आणि शंभरांची घेतल्याने दशांश उरतो. याहून प्रभावी उपाय मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेला आहे: चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रकाशाचे प्रतल ठरावीक वारंवारतेने किंचित डोलवायचे आणि ग्राहकाच्या संकेतातून तेवढीच वारंवारता वेचून घ्यायची, म्हणजे इतर वारंवारतांचे बरेचसे चढउतार गाळले जातात.

सरासरीने न जाणारे दोष मात्र निराळे असतात. गढूळ रसात प्रकाश विखुरतो आणि ग्राहकापर्यंत कमी पोहोचतो, म्हणून रस शिशाच्या क्षाराने निवळून गाळण्याची रीत पडली. शिसे विषारी असल्याने गडद रसातूनही पार जाणारा ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश हा अलीकडचा पर्याय आहे. नळीचे झाकण जास्त आवळल्यास काचेवर ताण येऊन तीच प्रकाशाचे ध्रुवण बदलते, आणि तापमान वाढल्यास साखरेचे वळण घटते.

तोडल्यावर फार काळ पडून राहिलेल्या उसात जंतूंमुळे डेक्स्ट्रान तयार होते, आणि ते साखरेपेक्षाही जास्त उजवे वळण देत असल्याने अशा रसाचा पोल प्रत्यक्षातील साखरेपेक्षा फुगलेला येतो; त्यामुळे उपकरणाचा गोंगाट कितीही कमी केला तरी पोलचा भरवसा अखेरीस तोडणी आणि गाळप यांतील अंतरावरही अवलंबून राहतो.