कान फुटलाय म्हणून सोडून देऊ नका. हाड कुरतडत आजार मेंदूपर्यंत पोहोचू शकतो

"लहानपणापासूनच कान फुटतो, सर्दी झाली की जरा जास्त वाहतो," असं गावाकडे अनेकजण सहज सांगतात. कापसाचा बोळा घातला की विषय संपला. पण कानातून थोडाच, मात्र सतत आणि घाण वासाचा पू येत असेल, तर तो 'कोलेस्टिएटोमा' असू शकतो.

हा आजार आहे तरी काय?
नाव कोलेस्टेरॉलसारखं असलं तरी त्याचा याच्याशी संबंध नाही. हा कॅन्सरही नाही. कानाचा पडदा आत ओढला गेला किंवा त्याला कडेला भोक पडलं, की बाहेरची कातडी मधल्या कानात शिरते. कातडीचा कोंडा रोज निघतो. बाहेर तो पडून जातो, आत मात्र साठत राहतो. त्याची पिशवी तयार होते आणि ती वाढताना आजूबाजूचं हाड झिजवते. बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून लोक थांबतात.

डोक्यात कसा शिरतो?
सुरुवातीला ऐकण्याची तीन नाजूक हाडं झिजतात आणि ऐकू कमी येतं. तोल सांभाळणाऱ्या नळीला भोक पडलं तर गरगरतं. चेहऱ्याच्या नसेला धक्का लागला तर तोंड वाकडं होतं. कान आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो. तोच झिजला तर मेंदूज्वर होऊ शकतो, मेंदूत पू साठू शकतो.

या लक्षणांत थांबू नका
कान वाहत असताना ताप, जोराचं डोकं दुखणं, उलट्या, मान ताठणं, झटके, गुंगी, तोंड वाकडं होणं किंवा कानामागे सूज आली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

उपचार काय?
थेंब आणि गोळ्यांनी पू कमी होतो, पिशवी जात नाही. ती ऑपरेशन करूनच काढावी लागते. आधी दुर्बिणीने तपासणी, ऐकण्याची चाचणी आणि सहसा सिटी स्कॅन होतो. आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून ऑपरेशननंतरही तपासणी चुकवू नका.

घरी काय पाळाल?
कानात तेल, लसणाचा रस, काडी, पिन घालू नका. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घाला, विहिरीत पोहणं टाळा. मुलांची कानाची तक्रार शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला आवर्जून सांगा. आणि कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच.