पाचव्या मात्रेवरचे पाऊल

लहान मुलांना नृत्य शिकवणाऱ्या शिक्षिकेला त्या कामातून नेमके कोणते समाधान लाभते, या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील कोथरूडमध्ये शोधायचे तर कथकच्या बालवर्गाकडे पाहणे उचित ठरते. कारण सोसायट्यांच्या सभागृहांत आणि शाळांच्या रिकाम्या वर्गखोल्यांत संध्याकाळी भरणारे कथकचे वर्ग येथील मध्यमवर्गीय जीवनाचा भाग झाले आहेत. ही स्थिती सहजासहजी आलेली नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा पांढरपेशा घरातील मुलीने पायांत घुंगरू बांधणे समाजाला सहज रुचणारे नव्हते. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे दीर्घकाळ तालीम घेतलेल्या रोहिणीताईंनी नृत्याला गंभीर अभ्यासविषयाची प्रतिष्ठा मिळवून दिली. बॅलेचे कृत्रिम बंधन झुगारणाऱ्या आणि १९०४ साली बर्लिनजवळ लहान मुलींसाठी नृत्यशाळा काढणाऱ्या इझाडोरा डंकन यांचे आत्मचरित्र रोहिणीताईंनीच मराठीत आणले, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बालवर्गाचा आरंभ ‘तत्कारा’ने होतो. तत्कार म्हणजे तालाच्या प्रत्येक मात्रेवर, अर्थात समान अंतराने येणाऱ्या ठोक्यावर, तळपाय जमिनीवर आपटून केलेले पदाघात. सोळा मात्रांच्या तीनतालात ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ ही बोलांची ओळ दोनदा येते. पहिल्या चार बोलांना उजवा, डावा, उजवा, डावा असे पाय पडतात. परंतु पाचव्या बोलाला पाय बदलत नाही, नुकताच पडलेला डावाच पुन्हा पडतो आणि पुढे क्रम उलटतो. चालताना आलटूनपालटून पाय टाकण्याची शरीराची सवय जन्मभराची असल्याने सहा-सात वर्षांचे मूल नेमके याच ठिकाणी अडखळते, खाली पायांकडे पाहते आणि तोवर ताल पुढे निघून जातो. कित्येक आठवडे असे चालते. मग एका संध्याकाळी तेच मूल समोर पाहत, तोंडाने बोल म्हणत, पाचवी मात्रा बिनदिक्कत ओलांडते आणि तालाची एक फेरी, म्हणजे आवर्तन, पूर्ण करून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमके येते. प्रेक्षकाला यात काहीच दिसणार नाही; शिक्षिकेला मात्र दिसते, कारण आधीची सगळी अडखळ तिने पाहिलेली असते. या कामातील समाधानाचा गाभा येथे आहे.

हे समाधान संयमाची किंमत मागते. बॅलेमध्ये पायाच्या बोटांच्या अग्रावर उभे राहण्यासाठी लागणारे कडक टोकाचे बूट साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देऊ नयेत असा संकेत आहे, कारण तोवर पावलांची हाडे पुरेशी घट्ट झालेली नसतात आणि स्नायूही तयार नसतात. कथकमध्ये असा बूट नसला तरी काँक्रीटवर बसवलेल्या फरशीवर अनवाणी पाय जोराने आपटले, तर त्याचा भार टाच, घोटा आणि गुडघा यांवर येतोच. म्हणून जाणती शिक्षिका आवाजापेक्षा तोल पाहते, लय वाढवण्याची घाई करत नाही आणि तत्कार बसेपर्यंत घुंगरू देत नाही. प्रौढ नर्तकीच्या एकेका पायात शंभराहून अधिक घुंगरू असतात. मुलांना ते थोडेच दिले जातात. हातावर टाळी-खाली, म्हणजे तालातील ठोक्याच्या आणि रिकाम्या जागा, दाखवत बोल स्पष्ट म्हणण्याला ‘पढंत’ म्हणतात, आणि पाय थकले की तिच्याकडे वळता येते. तिच्यामुळे मूल नाचत नसतानाही तालात राहते.

पालकांची घाई मात्र वेगळ्या दिशेची असते. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाच्या रंगमंचावर आपले मूल कधी दिसेल, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेला ते यंदाच बसेल का, ही त्यांची विचारणा स्वाभाविक आहे आणि परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त लागते हेही खरे; तथापि वर्षभराचा वर्ग एका स्नेहसंमेलनाच्या गाण्याला जुंपला गेला, की मुलाला हातवारे पाठ होतात आणि सम सापडत नाही. अशा वर्गातून शिक्षिकेच्याही पदरी टाळ्यांखेरीज फारसे काही पडत नाही.

समाधानाचा हा गाभा बालवर्गातच असल्याने तो वर्ग नवशिक्या विद्यार्थिनींवर सोपवून ज्येष्ठांनी फक्त वरच्या परीक्षांचे वर्ग घ्यावेत, ही अनेक ठिकाणची वहिवाट खेदजनक वाटते. ‘विशारद’ या वरच्या परीक्षेच्या विद्यार्थिनीच्या पायातील दोष बहुधा पहिल्या वर्षी शिरलेला असतो आणि तो काढणे हे नव्याने शिकवण्याहून अवघड जाते. रोहिणीताईंच्या शिष्यांपैकी प्रभा मराठे यांनी ‘कलाछाया’ आणि शमा भाटे यांनी ‘नादरूप’ या संस्था पुण्यातच उभ्या केल्या. अशा संस्थांतून तयार झालेल्या मुली आज स्वतःचे वर्ग चालवतात, आणि त्यांच्यासमोर उभे राहणारे नवे मूल पुन्हा त्याच पाचव्या मात्रेशी येऊन थांबते.