दान पोहोचले, हक्क पोहोचला का?

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात, सामान्य काळातील तेहतिसाव्या रविवारी, अखिल ख्रिस्तसभा ‘जागतिक गरीब दिन’ पाळते. करुणेच्या ज्युबिली वर्षाची सांगता होत असताना पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली या दिनाची घोषणा केली आणि २०१७ पासून तो साजरा होऊ लागला. त्या रविवारी आपल्या धर्मग्रामांतून धान्य, कपडे, औषधांसाठी पैसे गोळा होतात. ही उदारता मनाला समाधान देणारी आहे. तथापि रविवारनंतर सोमवार उजाडतो आणि त्या सोमवारी त्याच विधवेला, त्याच दिव्यांग तरुणाला, त्याच एकाकी वृद्धाला पुन्हा त्याच गरजांना सामोरे जावे लागते. म्हणून गरिबांची सेवा व्यवस्थितपणे, सातत्याने आणि न्यायबुद्धीने कशी करावी, या प्रश्नाचा विचार या लेखात आपण करणार आहोत.

पहिली तक्रार आणि तिचे उत्तर

हा प्रश्न नवा नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आद्य ख्रिस्तमंडळीतील एका तक्रारीची नोंद आहे. यरुशलेममध्ये दररोज होणाऱ्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. परक्या भाषेच्या, घरात कर्ता पुरुष नसलेल्या या स्त्रिया वाटपाच्या वेळी मागे राहत होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर समाजसेवा अस्तित्वात होती, पण ती सर्वात दुर्बल व्यक्तीपर्यंत पोहोचत नव्हती.

प्रेषितांनी काय केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. सर्व शिष्यांची सभा बोलावली, सात चांगल्या नावलौकिकाच्या माणसांची निवड करण्यास सांगितले आणि त्यांच्यावर प्रार्थनापूर्वक हात ठेवून ही जबाबदारी सोपवली. स्तेफन, फिलिप आणि त्यांचे पाच सहकारी, या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातूनच सेवक निवडले गेले असावेत, असे बायबलचे अभ्यासक म्हणतात. तक्रार ऐकणे, विशिष्ट माणसांवर विशिष्ट काम सोपवणे आणि वंचितांना निर्णयात स्थान देणे ही तीन तत्त्वे तेथे दिसतात. आजही कोणतीही सेवा सुधारायची असेल, तर याहून वेगळा मार्ग नाही.

हीच परंपरा पुढे वाढली. इ. स. २५१ च्या सुमारास पोप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या एका पत्रात रोमची ख्रिस्तसभा पंधराशेहून अधिक विधवांचा व गरजूंचा सांभाळ करीत असल्याचा उल्लेख आहे. इतिहासकार युसेबियस यांनी हे पत्र जतन केले आहे. नोंद ठेवल्याशिवाय असा आकडा सांगता येत नाही. त्या काळातही सेवा मोजली जात होती, तिचा हिशेब ठेवला जात होता.

संत व्हिन्सेंट दि पॉल यांचा धडा

१६१७ साली फ्रान्समधील शातियाँ या गावी संत व्हिन्सेंट दि पॉल धर्मगुरू म्हणून सेवा करीत होते. गावाबाहेरील एका कुटुंबातील सर्वच जण आजारी असून त्यांच्याकडे पाहणारे कोणी नाही, असे त्यांना मिस्सापूर्वी समजले. त्यांनी प्रवचनात त्या कुटुंबाची कहाणी सांगितली. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले, तेव्हा अन्न घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांची रस्त्यावर रीघ लागली होती. त्यांना आनंद झाला आणि त्याच वेळी चिंताही वाटली. आज आलेले एवढे अन्न खराब होणार आणि काही दिवसांनी ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार, हे त्यांनी ओळखले. दया भरपूर होती, व्यवस्था नव्हती. त्यांनी लगेच काही स्त्रियांना एकत्र केले, आळीपाळीने सेवेचे दिवस ठरवून दिले आणि त्याच वर्षी या मंडळासाठी लेखी नियम तयार केले. यातूनच त्यांच्या संघटित सेवाकार्याचा पाया घातला गेला. त्यांच्या नावाने आज जगभर कार्य करणारी संस्था फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केली आणि गरिबांच्या घरी प्रत्यक्ष भेट देणे हा तिचा आत्मा ठरवला.

दान आणि न्याय

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशपत्रात एक महत्त्वाची शिकवण दिली. न्यायाने जे एखाद्याला मिळायलाच हवे, ते दान म्हणून देऊ नये; प्रथम न्यायाची मागणी पूर्ण व्हावी आणि गरजूने हळूहळू स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा तिचा आशय आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात, वचनाची घोषणा व संस्कारविधी यांच्याप्रमाणेच प्रेमसेवा हेही ख्रिस्तसभेचे मूलभूत कार्य असल्याचे सांगितले. सेवकाजवळ कामाचे ज्ञान हवे, पण केवळ ज्ञान पुरेसे नाही, त्याच्या हृदयाचेही प्रशिक्षण व्हायला हवे, असेही त्यांनी बजावले. २०२५ साली पोप लिओ चौदावे यांनी ‘दिलेक्सी ते’ या उद्बोधनपत्रात भिक्षादानाचे मोल कायम ठेवून दारिद्र्याच्या सामाजिक कारणांकडेही लक्ष वेधले आहे.

या शिकवणीचा व्यावहारिक अर्थ असा : आपल्या दाराशी गरजू व्यक्ती आली, तर तिला काय द्यावे याबरोबरच आपण आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. या व्यक्तीला कायद्याने काही मिळायला हवे आहे का, आणि ते तिला का मिळत नाही?

जे कायद्याने मिळते

आपल्या महाराष्ट्रात ६५ वर्षांखालील निराधार, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रस्त, विधवा, परित्यक्ता अशा व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तर ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ साली या योजनांचे मासिक साहाय्य १,००० रुपयांवरून १,५०० रुपये करण्यात आले आणि २०२५ साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. रक्कम अल्प आहे, परंतु रक्तदाबाच्या गोळ्या आणि दूध यांचा खर्च त्यातून भागतो, आणि मुलासुनेपुढे हात पसरावा लागत नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळण्याची तरतूद आहे. हे धान्य आपले मूळ गाव सोडून आलेल्या कुटुंबालाही आपल्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या ठिकाणी घेता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यामुळे पूर्वी ज्यांना दाखला नाकारला गेला, अशांपैकी काही जण आज पात्र असू शकतात.

आपल्या भागात विशेष उपयोगी असा कायदा म्हणजे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा. मुले सांभाळत नसतील, तर उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर वा जमीन नावे करून दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेण्याची तरतूदही त्यात आहे. वृद्ध व्यक्ती स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल, तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती अथवा संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते.

वाट कोठे अडते?

इतक्या योजना असूनही गरजू वंचित का राहतात? बहुतेक वेळा वाट कागदपत्रांशी अडते. निराधार योजनांसाठी सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये ठेवण्यात आलेली आहे. उत्पन्नाचा दाखला, किमान १५ वर्षे राज्यात वास्तव्य असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, आधार क्रमांकाशी जोडलेले बँक खाते, असे सर्व जमवावे लागते. एका कागदावर नाव ‘मेरी’ आणि दुसऱ्यावर ‘मारिया’ असले, तरी अर्ज मागे येतो. आयुष्यभर शेतात वा मीठागरात राबलेल्या हातांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला हयातीचा दाखला वेळेवर देता येत नाही आणि सुरू असलेले पैसेही थांबतात. तहसील कार्यालयाची प्रत्येक फेरी म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्याचा एक दिवस बुडणे. या हतबलतेतूनच दलालाला वाव मिळतो.

पालघर जिल्ह्यातील कातकरी बांधवांची स्थिती याहून बिकट आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. पावसाळा संपताच अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी निघून जातात. त्यामुळे मुलांची शाळा, जातीचा दाखला, शिधापत्रिका या सर्वच गोष्टी मागे पडतात. दुसरीकडे आपल्याच धर्मग्रामांत मुले परदेशी गेलेली, घर मोठे, पण बोलायला कोणी नाही, अशी वृद्ध मंडळी आहेत. त्यांची गरज पैशांची नसते. दवाखान्यात सोबत येणारा, बँकेचा संदेश वाचून दाखवणारा माणूस त्यांना हवा असतो.

धर्मग्राम काय करू शकतो?

ख्रिस्तसभेने शासनाची जागा घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. न्याय्य व्यवस्था उभारणे हे शासनाचे कर्तव्य आहे. गरजू माणूस आणि ती व्यवस्था यांच्यामध्ये पूल होणे मात्र आपल्या हाती आहे. त्यासाठी पुढील गोष्टी प्रत्येक धर्मग्रामाला करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे नोंद. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या वस्तीतील एकटे वृद्ध, दिव्यांग, दीर्घ आजारी, विधवा यांची यादी करावी. धर्म वा भाषा विचारू नये, कारण भल्या शोमरोन्यानेही ती विचारली नव्हती. ही यादी सूचनाफलकावर लावण्यासाठी नाही. आधार क्रमांक, आजार, कौटुंबिक कलह यांची माहिती गोपनीय ठेवणे हा सेवेचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मदतकक्ष. रविवारच्या मिस्सानंतर दोन तास निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका आणि संगणक जाणणारे युवक एकत्र बसले, तर अर्ज भरणे, नावांतील तफावत शोधणे, कागदपत्रे क्रमाने लावणे ही कामे सहज होतील. योजनांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या तहसील कार्यालयातून खात्री करून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट म्हणजे सोबत. प्रत्येक अर्जामागे एक जबाबदार माणूस नेमावा. त्याने अर्जदाराबरोबर कार्यालयात जावे, पोचपावती घ्यावी आणि तारीख लिहून ठेवावी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला अशा अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मुदत उलटल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र शासकीय कर्मचाऱ्यांशी सौजन्यानेच वागावे. त्यांच्यातही मनापासून मदत करणारे पुष्कळ आहेत.

चौथी गोष्ट म्हणजे मधल्या काळातील आधार. अर्ज मंजूर होईपर्यंत महिने जातात. आपल्या दानाचा खरा उपयोग येथे आहे. धान्य, औषधे, प्रवासखर्च त्या काळापुरते द्यावेत आणि हक्काचे पैसे सुरू झाले की ती मदत दुसऱ्या गरजूकडे वळवावी. मदत स्वीकारणाऱ्याचे छायाचित्र काढून ते सर्वत्र पाठवू नये. त्याचा चेहरा आपल्या दानाची जाहिरात होता कामा नये.

पाचवी गोष्ट प्रेषितांनीच शिकवली आहे. समितीत दिव्यांग व्यक्ती, विधवा, स्थलांतरित कुटुंबातील कोणी तरी असावे. पायऱ्यांवरून सभागृहात येता येत नाही, हे चाकाच्या खुर्चीतील माणूस जितक्या लवकर सांगेल, तितक्या लवकर ते इतरांच्या ध्यानात येणार नाही.

तातडीच्या प्रसंगी ज्येष्ठांसाठी १४५६७, बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावेत.

प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी जखमा बांधून निघून गेला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगितले. आपल्या परिसरातही अर्जाची तारीख लक्षात ठेवून पुन्हा दार ठोठावणारा असा कोणी तरी हवा आहे. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहातून निदान दोन जणांनी या सेवेसाठी पुढे यावे, अशी आमची आपणा सर्वांना नम्र विनंती आहे.