हात कामात, मन कुठे?

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला, कोवळ्या वयात लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य शेत, चूल आणि जातं यांत गेलं. ओव्या सुचल्या त्याही याच कामांत. लेक सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी काही टिपून ठेवल्या म्हणून उरल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह आला तो १९५२ साली. मन आवरत नाही हे सांगताना त्यांनी त्याला उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. ती कविता आज शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

हे ढोर दिवसातून किती वेळा पिकात शिरतं, याची मोजदाद पुढे हार्वर्ड विद्यापीठात झाली. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा तो अभ्यास २०१० साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. २,२५० प्रौढांच्या फोनवर दिवसात केव्हाही प्रश्न यायचे: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि बरं वाटतंय का? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. माणूस कोणतं काम करतोय यापेक्षा मन त्या कामात आहे की नाही, यावरून त्याच्या समाधानाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. मन सुखद विचारांत रमलं होतं तेव्हासुद्धा माणसं कामात मन असतानापेक्षा जास्त आनंदी नव्हती.

मग मन कामात राहतं कसं? याचं एक उत्तर शरीरात सापडतं, आणि ते जात्यावर बसलेल्या बाईच्या श्वासापासून फार दूर नाही. गाताना श्वास झटकन आत घेतला जातो आणि सावकाश सोडला जातो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू ते काम करतो. इटलीतले लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी माणसांवरचा प्रयोग मांडला. जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे’चा जप करताना, दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाबाचा तोल राखणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख झाली. ओवीवर असा प्रयोग झाला तर त्याचं मोल मोठं असेल. लय, लांबणारा स्वर, फिरता हात आणि कानावरची घरघर हे सगळं तिथे एका वेळी असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दळण हे कष्टाचं काम होतं. पहाटेच्या अंधारात उठून, दुखऱ्या खांद्यांनी ते करावं लागे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांची त्यातून सुटका झाली, आणि ते फार चांगलं झालं. जातं परत आणा असं कुणी म्हणू नये. पण त्या कष्टातही बायकांनी मनाला थारा कसा दिला, हे समजून घेण्यासारखं आहे.

आजही खानदेशी घरात खापरावर मांडे करणाऱ्या बाईकडे पाहावं. पुरण भरलेला उंडा हातांवर झुलवत, पसरवत, पातळ करत न्यायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. लक्ष क्षणभर ढळलं की मांडा फाटलाच. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने अशा तल्लीन अवस्थेचा अनेक वर्षं अभ्यास केला. काम फार सोपं असलं तर कंटाळा येतो, फार अवघड असलं तर धास्ती वाटते. कौशल्याला पुरेपूर आव्हान मिळालं की माणूस वेळ विसरतो, असं त्यांना दिसलं. रोजच्या कंटाळवाण्या कामाचं काय? अमेरिकेत फ्लोरिडात ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावून हे तपासलं गेलं. पाण्याची ऊब, साबणाचा वास, भांड्याचा स्पर्श यांकडे लक्ष देण्याविषयीचा उतारा ज्यांनी आधी वाचला होता, त्यांची बेचैनी कमी झाली. नुसती भांडी घासण्याची पद्धत वाचलेल्यांत तो फरक दिसला नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण करून पाहायला खर्च काहीच नाही.

मात्र मन असं एका जागी आणणं म्हणजे औषध नव्हे. २०१४ साली ध्यानाच्या ४७ चाचण्या, म्हणजे साडेतीन हजारांवर माणसांचे निष्कर्ष, एकत्र तपासले गेले. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक फायदा दिसला, तोही मध्यम प्रतीच्या पुराव्यावर; व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्याची झोप महिनोन् महिने उडाली आहे, कर्जाच्या काळजीने ज्याला जगणं नको झालं आहे, अशा शेतकऱ्याला ‘श्वासाकडे लक्ष द्या’ एवढं सांगून परत पाठवणं हा अन्याय आहे. त्याला डॉक्टर हवा, आणि सोबत माणसंही हवीत.

मन कामात ठेवणं ही शेवटी सवयीची गोष्ट. सवय मुरते कशी, याचं एक उदाहरण धुळ्याच्या तुरुंगात घडलं. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे कैद्यांपुढे गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी समोर बसून ते लिहून घेत होते. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. वार ठरलेला, जागा ठरलेली, ऐकणारेही तेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं, तेव्हा याच ठरलेपणाला महत्त्व आलं: नवी गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडायची, जसं न्याहारीनंतर किंवा जेवणानंतर. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला अठराच पुरले, तर कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा हिशेब निघाला. पाण्याचा पेला पिण्यासारखी साधी सवय लवकर रुजली, व्यायामाची उशिरा. आणि एखादा दिवस चुकला तरी आधीची मेहनत वाया गेली नाही. केळीच्या बागेत ठिबकचा व्हॉल्व्ह उघडल्यावर दहा श्वास सावकाश घ्यायचे ठरवलेल्या माणसाचा मंगळवार हुकला, तर बुधवारी व्हॉल्व्ह उघडायचाच असतो.