आण्णांची जिप्सी आणि पावसाळ्यातील पाणंद

आमच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये एक जिप्सी उभी आहे. माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे आण्णांनी, ती १९९९ साली घेतली. त्यामागे हौस थोडी आणि गरज फार होती. सांगली जिल्ह्यातील आमच्या द्राक्षबागेकडे जाणारी पाणंद काळ्या मातीची आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की बागेवर रोग पडतो आणि मग दररोज, कधी मध्यरात्रीही, बागेत जावेच लागते. नेमकी त्याच दिवसांत पाणंद चिखलाने भरलेली असते. साध्या मोटारीची चाके तेथे जागच्या जागी फिरत राहतात. जिप्सी मात्र आण्णांना रोज नेत होती आणि रोज परत आणत होती.

आण्णा गेले आणि गाडी चार वर्षे शेडमध्ये उभी राहिली. मागील वर्षी पुतण्या पुण्याहून आला तो एक लांबलचक यादी घेऊनच. मोठे टायर, चार इंच वाढीव उंची, इंजिनाला उंचावरून हवा देणारे स्नॉर्केल, पुढे विंच, जाड लोखंडी बंपर आणि टपावर दिव्यांची रांग. यादीची बेरीज साडेचार लाखांच्या घरात जात होती. वहिनींनी ती शांतपणे ऐकली आणि एवढेच म्हणाल्या, “गाडी चालती कर, बाळा. पण तुझ्या वडिलांच्या हातात ती कधी उलटली नाही, हे लक्षात असू दे.”

त्या एका वाक्यामुळे आम्ही काका-पुतणे कामाला बसलो. जुन्या गाडीला खडतर वाटेसाठी सज्ज करण्याची ओढ आज अनेक घरांतील तरुणांना आहे. त्यांच्या पालकांना त्यातले फारसे कळत नाही, म्हणून एकतर सरसकट नकार दिला जातो किंवा डोळे मिटून पैसे दिले जातात. या दोन्हींपेक्षा समजून घेणे बरे, या हेतूने वर्षभरात जे शिकलो ते येथे मांडत आहे.

मुळात गाडी कशी आहे?

मारुतीने जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आणली. तेव्हा तिचे इंजिन ९७० सी.सी.चे होते. १९९६ मध्ये १३०० सी.सी.चे इंजिन आले, आणि २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. सैन्य, पोलीस आणि वनखाते यांनी ती दीर्घकाळ वापरली. वजन सुमारे एक टन, शिडीसारखी भक्कम चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चारही बाजूंना पाटे, अशी तिची साधी व कणखर रचना आहे. जमिनीपासूनची उंची मुळातच २१० मिलिमीटर आहे. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच ती वाट सोडून चालण्यास समर्थ होती. “हिला आणखी काय लावू?” हा प्रश्न नंतरचा. “हिच्यापाशी जे आहे ते शाबूत आहे का?” हा पहिला प्रश्न.

गावातील एका वृद्ध मेस्त्रींनी हाच प्रश्न विचारला. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि हातोडीने चासी ठोकत ठोकत तपासली. दोन ठिकाणी आवाज बद्द आला. आत गंज होता. पाट्यांचे बुश झिजले होते, ब्रेकचे होज तडकले होते, स्टिअरिंगच्या सांध्यांत ढिलाई होती. आमच्या खर्चाचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग या दुरुस्तीवर गेला. शेजाऱ्यांना दाखवावे असे त्यात काहीच नव्हते, पण पुढचे सारे काम त्याच आधारावर उभे राहिले.

चार चाकांची ओढ म्हणजे काय?

मेस्त्रींनी पुतण्याला दुसरी गोष्ट शिकवली ती छोट्या दांडीची. गिअरच्या दांडीशेजारी असलेली ही दांडी इंजिनाची शक्ती केवळ मागच्या चाकांना द्यायची की चारही चाकांना, हे ठरवते. तिच्या ‘फोर-एल’ या स्थितीत गाडीचा वेग घटतो आणि चाकांची ओढ वाढते. चिखलात किंवा तीव्र उतारावर ब्रेकपेक्षा हीच स्थिती अधिक भरवशाची ठरते.

परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाकांची जोडणी ठेवू नये. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. जिप्सीत हा फरक सामावून घेणारी यंत्रणा पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये नाही. चिखलात चाक किंचित घसरून तो ताण सोडते. कोरड्या रस्त्यावर ताण आतच साठतो आणि दातेरी चक्रे व सांधे झिजतात.

आणखी एक गैरसमज असा की, ‘फोर बाय फोर’ गाडीची चारही चाके प्रत्येक वेळी एकसारखी ओढतात. प्रत्यक्षात साधा डिफरन्शियल एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना सारखीच ओढ देतो, आणि ती जास्त निसरड्या बाजूला पेलवेल तेवढीच असते. म्हणून एक चाक अधांतरी झाले की ते नुसते गरगरते आणि जमिनीवर टेकलेले त्याचे जोडीदार स्वस्थ राहते. डिफरन्शियल लॉक हा त्यावरचा उपाय आहे. मात्र पाणंदीपुरता त्याचा खर्च आम्हाला अनावश्यक वाटला.

टायर: सर्वांत आधी, सर्वांत महत्त्वाचे

गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार ठिकाणी. म्हणून पहिला पैसा टायरवर खर्चावा. खोल नक्षीचे ‘मड टेरेन’ टायर चिखल झटकून टाकतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते आणि आवाजही फार होतो. रस्ता व कच्ची वाट दोन्ही चालायची असल्यास ‘ऑल टेरेन’ हा मध्यममार्ग आहे.

मोठ्या टायरचे गणित आम्ही कागदावर मांडले. २०५/७० आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो, तर २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. व्यास ६५ मिलिमीटरने वाढला, तरी गाडी उंचावते त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे जेमतेम ३३ मिलिमीटर. उलट वेगदर्शक काट्यावर साठ दिसत असताना खरा वेग सहासष्टच्या आसपास असतो. इंजिनाला चढावर अधिक झगडावे लागते आणि ब्रेकवरचा भार वाढतो. हे पाहून पुतण्याने स्वतःच्याच हाताने ते माप यादीतून खोडले आणि मूळ मापाच्या जवळचे ऑल टेरेन टायर घेतले.

टायरचा खरा चमत्कार फुकटचा आहे, तो हवेचा. चिखलात किंवा वाळूत शिरण्यापूर्वी हवा थोडी कमी केली की टायर लांबट पसरतो, जमिनीवरचा दाब घटतो आणि चाक रुतत नाही. त्यासाठी दाबमापक आणि हवा भरण्याचा छोटा पंप गाडीत हवाच. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पूर्ववत भरली पाहिजे. कमी हवेवर वेगाने धावणारा टायर तापतो आणि फुटतो.

उंचीचा मोह

येथे आमच्याकडून चूक झाली, ती लपवत नाही. मेस्त्री आठवडाभर परगावी गेले असता पुतण्याने घाई केली. शहरातील एका वर्कशॉपमध्ये जादा पाटे आणि लांब शॅकल टाकून गाडी चार इंच उंच करून आणली. ती दिसायला रुबाबदार होती, यात शंका नाही. परंतु परतीच्या वाटेवर सत्तरच्या वेगाला एका खड्ड्यावरून गाडी गेली आणि स्टिअरिंग हातात भयंकर थरथरू लागले. वेग उतरेपर्यंत थरथर थांबली नाही. घरी आला तेव्हा पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मेस्त्री परतल्यावर कारण उमगले. सायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा कललेला असतो, त्यामुळे चाक आपोआप सरळ राहू पाहते. मोटारीतही असा कल असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. लांब शॅकलमुळे ॲक्सल फिरला आणि तो कल बिघडला. शिवाय मूळ लांबीचे ब्रेक होज चाक खाली लोंबताच ताणले जात होते. एखादा होज तुटला असता तर काय झाले असते, हे वहिनींना आम्ही आजवर सांगितलेले नाही.

उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर सरकतो. केवळ गणितापुरते धरू. दोन चाकांमधील अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटर उंचीवर असेल, तर कागदावर गाडी ४५ अंश कलल्यावर उलटेल. गुरुत्वमध्य १०० मिलिमीटरने, म्हणजे चार इंचांनी, वर गेला तर ती मर्यादा ४१ अंशांपर्यंत घसरते. पाट्यांची लवचिकता, वळणाचा वेग आणि टपावरील ओझे जमेस धरल्यास प्रत्यक्षातील मर्यादा याहून बरीच कमी असते. आणि गंमत अशी की, पाटे उंचावल्याने ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा तसूभरही वर जात नाही. दगडावर सर्वप्रथम आपटतो तो हाच. त्याला वर उचलतो फक्त टायर.

लांब शॅकल निघाले आणि जादा पाटेही निघाले. थकलेल्या मूळ पाट्यांच्या जागी त्याच घडणीचे नवे पाटे आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर बसवले. गाडी बसली होती ती आपल्या जागी उभी राहिली, आणि आम्हाला तेवढेच पुरेसे होते.

पाणी, दोर आणि बाक

स्नॉर्केल लावले म्हणून गाडी होडी होत नाही. इंजिनात पाणी शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात, हे खरे. स्नॉर्केल त्यापासून वाचवते, वाहत्या पाण्याच्या रेट्यापासून नव्हे. ओढ्याला गुडघाभर पाणी वाहत असेल तर थांबावे. आम्ही स्नॉर्केल घेतले नाही. ॲक्सलच्या श्वासनळ्या तेवढ्या उंच करून घेतल्या, कारण तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडला की आतील हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते.

विंचऐवजी चासीला पक्के बोल्ट केलेले पुढचे-मागचे हूक, एक मजबूत दोर आणि फावडे घेतले. रुतलेली गाडी ओढताना बंपरला दोर बांधू नये. दोरावर जाड घोंगडी टाकावी, म्हणजे दोर तुटला तरी चाबकासारखा उसळत नाही. माणसांना दोराच्या लांबीहून दूर उभे करावे. हे नियम पाळायला पैसे लागत नाहीत. मोडले तर मात्र जीव जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागचे आडवे बाक. लहानपणी आम्ही सारी मुले त्यांवर दाटीवाटीने बसत होतो. आज त्या समोरासमोरच्या, पट्टा नसलेल्या बाकांवर मुलांना बसवून खडतर वाटेने नेणे मी अपराध मानतो. आमच्या गाडीत आता मागे केवळ सामान जाते. पुढच्या दोन आसनांना नवे पट्टे बसवले आहेत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आर.सी. बुकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ अधोरेखित केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घालण्यास सांगितले, कारण ते पादचाऱ्याला आणि आतील प्रवाशांनाही घातक ठरते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी जुन्या गाडीचे पासिंग करावे लागते, तेथे हे सारे तपासले जाऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीने बदलांकडे बोट दाखवले, तर झळ साऱ्या कुटुंबाला बसते. यादीतील बंपर आणि टपावरचे दिवे येथेच गळाले.

वाट कोणाची?

एक गोष्ट पुतण्याशी विशेष बोललो. सह्याद्रीतील कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. असे जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात ओसाड भासतात, म्हणून काही मंडळी त्यांवर गाड्या फिरवतात. पण त्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि पावसाळ्यातील सारी फुले त्याच थरावर जगतात. एका चाकोरीने तो थर निघून जातो, पुन्हा साठायला फार काळ लागतो. हौस भागवायची तर त्यासाठी आखलेल्या मार्गांवर किंवा स्वतःच्या शेतात भागवावी. गाडी कोठेही जाऊ शकते, याचा अर्थ तिने कोठेही जावे असा होत नाही.

साडेचार लाखांची यादी अखेर दीड लाखाच्या आत आटोपली. त्यातही निम्म्याहून अधिक खर्च दुरुस्तीचाच होता.

गेल्या ऑक्टोबरात छाटणीनंतर तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या पहाटे पुतण्याने टायरची हवा उतरवली, छोटी दांडी ‘फोर-एल’वर घेतली आणि गाडी पाणंदीत घातली. मी मागून चालत होतो. मधल्या वळणावर, जेथे आण्णा नेहमी डावीकडून बांधाला धरून जात, तेथे तोही डावीकडूनच गेला. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. लहानपणी पुढच्या आसनावर बसून त्याने पाहिले असावे.

बागेत फवारणी वेळेवर झाली. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “मलाही बाग बघायची आहे.” चार वर्षांत त्या पावसाळ्यात तिकडे गेल्या नव्हत्या. पुतण्याने दार उघडले, त्यांचा पट्टा स्वतः लावला, ओढून पाहिला आणि मगच गाडी सुरू केली.